भिंत किती धातू धरते आणि जिवाणू किती धातूत जगतो: दोन वेगळे हिशेब

आधी प्रश्न काय ते सांगतो. नवी मुंबईतल्या एका एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी दोन जिवाणू वेगळे केले. एक रबाळ्याच्या प्लेटिंग युनिटच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या) सांडपाण्यातला, ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम स्टेन या रंगचाचणीत जांभळा दिसणारा), बॅसिलससारखा. दुसरा ऐरोलीकडच्या खाडीच्या चिखलातला, ग्रॅम-निगेटिव्ह (त्याच चाचणीत गुलाबी दिसणारा), स्युडोमोनाससारखा. पुस्तकात लिहिलंय की ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत जाड, म्हणून ती जास्त धातू धरते. तिच्या बॅसिलसने द्रावणातलं कॅडमियम जास्त ओढून घेतलंही. पण कॅडमियम घातलेल्या आगारच्या प्लेटवर तोच आधी थांबला, आणि स्युडोमोनास बऱ्याच जास्त कॅडमियमवर आरामात वाढला. ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत) मारलेल्या पेशींनी जिवंत पेशींपेक्षा जास्त धातू धरला. आणि डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) दिलं तेव्हा दोघांपैकी कुणीच ते धरलं नाही. गाईडचं मत पडलं की रीडिंग चुकलं असेल, सगळं परत करा. तिने हे सगळं मला लिहून पाठवलं, आणि हा बॅसिलस सांडपाण्याला वापरता येईल का तेही विचारलं. पुढचं ‘तुम्ही’ तिलाच उद्देशून आहे.

परत करायला हरकत नाही, पण रीडिंग चुकलंय असं मला वाटत नाही. चारही निरीक्षणं जशी यायला हवीत तशीच आली आहेत. गफलत आहे ती ‘जास्त धातू धरला म्हणजे जास्त सुरक्षित राहिला’ या गृहीतकात. मी या पट्ट्यात सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत आणि हे गृहीतक घेऊन येणारी मुलं दर वर्षी भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकातलं ते वाक्य आलं कुठून, हे पहिल्यांदा बघू. कॅनडातले टेरी बेव्हरिज आणि आर. जी. ई. मरे यांनी १९७६ आणि १९८० मध्ये बॅसिलस सबटिलिसवर जे काम केलं, ते याच्या मुळाशी आहे. त्यांनी पेशी फोडल्या, आतला सगळा ऐवज धुऊन टाकला आणि नुसत्या स्वच्छ भिंती धातूंच्या क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. म्हणजे प्रयोग भिंतीवर झाला, जिवंत जिवाणूवर नाही. त्या भिंती धातू भरपूर धरत होत्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रंग न देताही काळ्या दिसत होत्या, कारण धातूच इलेक्ट्रॉन अडवतो. पुढे १९८१ मध्ये बेव्हरिज आणि कोव्हल यांनी ई. कोलायच्या आवरणावर तसंच काम केलं. ते आवरणही धातू धरत होतं, पण बॅसिलसच्या भिंतीच्या मानाने कमी. पाठ्यपुस्तकांनी यातलं ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह जास्त, ग्रॅम-निगेटिव्ह कमी’ एवढंच उचललं आणि ‘सुट्या भिंती’ हा भाग गाळला.

आता ती भिंत धातू धरते कशी. बॅसिलसची भिंत वीस-तीस नॅनोमीटर किंवा त्याहून जाड पेप्टिडोग्लायकनची (शर्करा आणि पेप्टाइडांच्या जाळीची) असते आणि तिच्यात टायकोइक आम्लाच्या लांब साखळ्या गुंफलेल्या असतात. पेप्टिडोग्लायकनमधल्या पेप्टाइडवर कार्बोक्सिल गट असतात, टायकोइक आम्लावर फॉस्फेट गट. पाच-सहा पीएचला कार्बोक्सिल गटांनी आपला प्रोटॉन बहुतांशी सोडलेला असतो, फॉस्फेटवरही ऋणभार असतो. कॅडमियम, शिसं, तांबं, निकेल हे सगळे पाण्यात धनभारित आयन. ते येऊन चिकटणार, यात जिवाणूचं कर्तृत्व काहीच नाही, निव्वळ रसायनशास्त्र आहे. काही मिनिटांत बरंचसं काम उरकतं. त्याला ऊर्जा लागत नाही, पेशी जिवंत असावी लागत नाही.

यातला कुठला गट महत्त्वाचा, याचं उत्तर जिवाणूगणिक बदलतं. बॅसिलस सबटिलिसच्या भिंतीतले कार्बोक्सिल गट रासायनिक पद्धतीने झाकले तेव्हा धातू धरण्याची ताकद एकदम पडली, टायकोइक आम्ल काढल्यावर तितकी पडली नाही. पण त्याचाच भाऊबंद बॅसिलस लायकेनिफॉर्मिस घेतला तर तिथे टायकोइक आणि टायक्युरोनिक आम्लांचा वाटा मोठा निघाला. दोघेही बॅसिलस, दोघेही जांभळे दिसणारे, तरी हिशेब वेगळा. तेव्हा ‘माझा ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे’ एवढं सांगून धातूबद्दल फारसं काही सांगून होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्रोजेक्टच्या मुलांना कुणी सांगत नाही. ही भिंत कायम तीच राहत नाही. बॅसिलस सबटिलिसला फॉस्फेट कमी पडलं की तो फॉस्फेट असलेलं टायकोइक आम्ल बनवणं आवरतो आणि त्याजागी टायक्युरोनिक आम्ल घालतो, ज्यात फॉस्फेट नसतं, कार्बोक्सिल असतं. म्हणजे तुम्ही मीडियम बदललंत की भिंतीचं रसायन बदललं. त्यात बॅसिलस बीजाणू करतो. जुन्या कल्चरचा पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला पेशींचा गोळा) घेतला तर त्यात निम्मे बीजाणू असू शकतात, आणि बीजाणूचं आवरण ही पूर्ण निराळी चीज आहे. जुन्या कल्चरमधला बॅसिलस ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबीही दिसतो. खात्रीसाठी स्लाइडवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या, त्यात लूपने (तारेच्या कडीने) वसाहत कालवा आणि लूप हळूच वर उचला. ग्रॅम-निगेटिव्ह असेल तर पेशी फुटून आतला डीएनए बाहेर येतो, थेंब चिकट होतो आणि लूपबरोबर सेंटिमीटरभर तार उठते. ग्रॅम-पॉझिटिव्ह असेल तर पाण्यासारखा सुटतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याने वाद मिटतात.

ग्रॅम-निगेटिव्हकडे वळू. इथे पेप्टिडोग्लायकन अगदी पातळ, काही नॅनोमीटर, आणि त्याच्या बाहेर आणखी एक पटल. त्या बाह्यपटलाच्या बाहेरच्या अंगाला लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे चरबी आणि शर्करा जोडलेला रेणू. त्याच्या मुळाशी असलेल्या लिपिड-ए वर आणि गाभ्यातल्या शर्करांवर फॉस्फेट असतात, केडीओ नावाच्या शर्करेवर कार्बोक्सिल असतं. धातू मुख्यतः त्या फॉस्फेटवर बसतो. या जागा रिकाम्या नसतात, तिथे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम आधीच बसलेले असतात आणि शेजारशेजारच्या रेणूंना बांधून ठेवत असतात. जड धातू त्यांना हुसकावून बसतो. म्हणून मीडियममध्ये मॅग्नेशियम-कॅल्शियम किती, यावर धातूचं चिकटणं ठरतं.

मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. बाह्यपटल मोठ्या आणि तेलकट रेणूंना अडवतं. काही प्रतिजैविकं ग्रॅम-निगेटिव्हवर चालत नाहीत ती त्यामुळेच. पण धातूच्या आयनाला ते अडवत नाही. पटलात पोरिन नावाच्या पाण्याने भरलेल्या नळ्या असतात, त्यातून सहाशे डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपासपर्यंतचे पाण्यात विरघळणारे रेणू जातात. कॅडमियमचा आयन त्यापुढे किरकोळ. तो पोरिनमधून दोन पटलांमधल्या जागेत, पेरिप्लाझममध्ये, सहज पोचतो. तीच गत बॅसिलसच्या जाड भिंतीची: ती जाळीदार आहे, आयन तिच्यातून आरपार जातो. घराची भिंत दोन फुटी आहे म्हणून चोर येणार नाही असं नसतं, दार कुठलं उघडं आहे ते बघावं लागतं. खरा अडसर दोन्ही प्रकारांत आतलं पेशीपटल हाच, आणि त्यातून आत जायच्या वाटा प्रत्येक धातूच्या वेगळ्या.

कॅडमियमची वाट चोरीची आहे. जिवाणूला कॅडमियम नको असतं, पण मँगॅनीज आणि जस्त हवं असतं. बॅसिलस सबटिलिसमध्ये आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये कॅडमियम मँगॅनीज आत घेणाऱ्या यंत्रणेतून घुसतं, इतर काहींमध्ये जस्ताच्या यंत्रणेतून. आत गेल्यावर ते प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना, थायॉलना, घट्ट धरतं आणि जस्ताच्या जागा बळकावतं. मग भिंतीवर चिकटलेलं कॅडमियम जिवाणूला वाचवतं का? पेशी भरपूर आणि धातू थोडा असेल तर थोडंफार वाचवतं, कारण द्रावणातलं मोकळं कॅडमियम कमी होतं. पण प्लेटवर एका वसाहतीच्या मानाने माध्यमातला धातू अफाट असतो. भिंतीच्या जागा भरल्या तरी बाहेर तेवढाच साठा शिल्लक, आणि तो आत झिरपतच राहतो. भिंतीची धारणशक्ती तिथे निरर्थक ठरते.

तुमचा स्युडोमोनास टिकला तो भिंतीमुळे नाही, बहुधा पंपामुळे. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये सीझेडसी (czc) नावाची तीन भागांची यंत्रणा असते: एक भाग आतल्या पटलात, एक बाह्यपटलात, मध्ये दुवा. ती कॅडमियम, जस्त, कोबाल्ट उचलून थेट पेशीबाहेर फेकते. तिचा सगळ्यात गाजलेला मालक म्हणजे क्युप्रिअॅव्हिडस मेटॅलिड्युरन्स सीएच-३४, जो १९७६ मध्ये बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या गाळटाकीतून मिळाला. स्युडोमोनासांमध्येही अशी यंत्रणा आढळते. ग्रॅम-पॉझिटिव्हकडे पंप नसतात असं नव्हे. स्टॅफिलोकोकसच्या पीआय-२५८ या प्लाझ्मिडवरचा (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवरचा) कॅडए पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून कॅडमियम बाहेर काढतो. प्लेटिंग युनिटमधल्या बॅसिलसला असा काही पंप असेल किंवा नसेल, पण त्याचं उत्तर ग्रॅम स्टेन देणार नाही. त्यासाठी पीसीआर किंवा जिनोम लागेल.

यात एक गंमत आहे. पंप जोरात चालू असलेल्या सीएच-३४ च्या वाढत्या कल्चरमध्ये पेशींभोवतीचा पीएच चढतो, कार्बोनेट तयार होतं, आणि बाहेर फेकलेला धातू पेशीच्या पृष्ठभागावरच कार्बोनेट होऊन साचतो. म्हणजे पेलेट मोजला तर ‘भरपूर धातू धरला’ असं दिसेल, पण तो कार्बोक्सिल-फॉस्फेटने धरलेला नसेल. मिलिग्रॅम प्रति ग्रॅम हा आकडा धातू कसा आला ते सांगत नाही.

पारा याहून विचित्र. पारा-प्रतिकारक जिवाणूंमधली ‘मर’ (mer) यंत्रणा पाऱ्याला बाहेर ठेवण्याऐवजी मुद्दाम आत आणते. पेरिप्लाझममध्ये मरपी हे प्रथिन पाऱ्याला पकडतं, आतल्या पटलातल्या मरटीकडे देतं, आणि आत मरए हे विकर (एन्झाइम) त्याचं धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं, जो वाफ होऊन निघून जातो. आणणारी प्रथिनं शाबूत ठेवून मरए काढून टाकलं की तो जिवाणू साध्या जिवाणूपेक्षाही कमी पाऱ्यात मरतो. धातू पकडणं आणि वाचणं यांचं सूत जुळतंच असं नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तांबं मी पटकन उरकतो. ई. कोलायमध्ये तांब्याचं लक्ष्य म्हणजे लोह-गंधक गुच्छ असलेली विकरं, हे मॅकोम्बर आणि इम्ले यांनी २००९ मध्ये दाखवलं. त्यांतली काही ल्युसीनसारखी अमिनो आम्लं बनवतात. म्हणून जिवाणू पेप्टोनवर वाढवला, म्हणजे ही अमिनो आम्लं आयती दिली, की तांब्याचा मार कमी बसतो. शिवाय पेप्टोन तांब्याला स्वतःही बांधून ठेवतं. एकाच मीडियमने दोन बाजूंनी वाचवलं, आणि श्रेय मात्र जिवाणूला.

मेलेल्या पेशींनी जास्त धातू धरला, याचं उत्तर १९९२ मध्येच मिळालेलं आहे. बेव्हरिज यांच्याच गटाने दाखवलं की जिवंत बॅसिलस सबटिलिस श्वसन करताना प्रोटॉन बाहेर ढकलत असतो, ते भिंतीत साचतात आणि कार्बोक्सिल-फॉस्फेटच्या जागांसाठी धातूशी स्पर्धा करतात. पेशीला अझाइड देऊन किंवा पटलाची प्रोटॉन-शक्ती मोडणारं दुसरं काही देऊन हे प्रोटॉन ढकलणं थांबवलं की तीच भिंत जास्त धातू धरू लागते. ऑटोक्लेव्हमध्ये याखेरीज आणखीही घडतं. पेशी फुटतात, आतली प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं, थायॉल सगळं धातूपुढे उघडं पडतं. त्यामुळे मारलेल्या पेशीचा आकडा हा ‘भिंतीचा’ आकडा नसतो. भिंतीचाच हवा असेल तर पेशी न फोडता प्रोटॉन ढकलणं थांबवून बघा आणि जिवंत, थांबवलेली, ऑटोक्लेव्ह केलेली अशा तिन्हींची तुलना करा. प्रोजेक्टमध्ये हे एकच चित्र नीट आलं तरी परीक्षक खूश होतील.

आता डायक्रोमेट. भिंतीवरचा भार ऋण, आणि सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात क्रोमेट किंवा डायक्रोमेट म्हणून असतं, तेही ऋण. सात पीएचला ते चिकटणार कशाला? उलट क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा, म्हणून ते सल्फेटच्या वाहकातून थेट आत शिरतं. आर्सेनेटचंही तसंच, ते फॉस्फेटच्या वाटेने जातं. अशा धातूंसाठी भिंत जाड की पातळ हा प्रश्नच गैरलागू. क्रोमेटची विषाक्तता मोजताना मीडियममध्ये सल्फेट किती आहे ते आधी बघा, कमी सल्फेटमध्ये तोच जिवाणू लवकर मरतो.

पण एक तपासणी राहिली असणार, ती करा. डायफेनिलकार्बाझाइडने फक्त सहा संयुजेचं क्रोमियम जांभळं होतं, ते ५४० नॅनोमीटरला वाचतात. एकूण क्रोमियम मात्र एएएसवर (अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर) येतं. फ्लास्कचा पिवळा रंग उतरला, जांभळा रंग फिका येतोय, आणि एकूण क्रोमियम जागच्या जागी आहे, तर जिवाणूने क्रोमियम धरलं नाही, तीन संयुजेचं केलं. तीन संयुजेचं क्रोमियम धनभारित असतं, ते सहजी पटल ओलांडत नाही आणि भिंतीला मात्र छान चिकटतं. तुम्ही नुसतं सुपरनेटंटचं (पेलेटवर उरलेल्या द्रावणाचं) एकूण क्रोमियम बघून ‘काही झालं नाही’ लिहिलं असेल तर कदाचित सर्वात चांगला निकाल हातातून निसटला आहे.

आता तुमच्या प्रयोगाच्या मांडणीबद्दल. बॅसिलस साध्या न्यूट्रिएंट आगारवर आणि खाडीतला स्युडोमोनास तीन टक्के मीठ घातलेल्या न्यूट्रिएंट आगारवर, असं तुम्ही लिहिलं आहे. खाडीतला आहे म्हणून मीठ, हे कळतं. पण त्यामुळे तुलनाच मोडली. तीन टक्के मीठ म्हणजे लिटरला अर्धा मोल क्लोराइड. कॅडमियम क्लोराइडशी पटकन जोडी जमवतं, समुद्राच्या पाण्यातही विरघळलेलं बहुतेक कॅडमियम क्लोराइडशी बांधलेलं असतं, मोकळा आयन थोडाच. पेशीत घुसतो आणि भिंतीवर बसतो तो मुख्यतः मोकळा आयन. म्हणजे तुमच्या स्युडोमोनासने सोसलेलं कॅडमियम बाटलीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा खूप कमी होतं. त्याने ‘कमी धातू धरला’ आणि ‘जास्त धातूत जगला’, या दोन्ही निकालांत मिठाचा हात असू शकतो. बहुधा पंप आहे असं मी वर म्हटलं, ते मीठ काढल्यावर टिकतं का ते बघावं लागेल. खाडीतले बरेच स्युडोमोनास कमी मिठात वाढतात. तोही वाढत असेल तर दोघांना एकाच मीडियमवर घ्या, नसेल तर बॅसिलसलाही तेवढंच मीठ द्या.

मीठ सोडलं तरी न्यूट्रिएंट आगार या कामाला मुळात बरं नाही. पेप्टोनमधली अमिनो आम्लं, विशेषतः हिस्टिडीन आणि सिस्टीन, धातूला धरतात. आगारलाही ऋणभारित गट असतात, म्हणून धातू लावलेली डिस्क ठेवून मोजलेला रोधपट्टा (तिच्याभोवतीचा वाढ न झालेला पट्टा) धातूंच्या बाबतीत फसवा असतो, धातू आगारमध्ये पसरतच नाही नीट. फॉस्फेट बफर घातलंत तर शिशाचं फॉस्फेट होऊन तळाशी बसतं. शिशाच्या अफाट सहनशीलतेचे जे आकडे प्रोजेक्ट-अहवालांत वाचायला मिळतात, त्यातले कित्येक फॉस्फेटने खाल्लेल्या शिशाचे असतात. म्हणून सीएच-३४ वर काम करणाऱ्यांनी ट्रिस बफरचं, कमी फॉस्फेटचं मिनिमल मीडियम वापरलं. तुम्हीही तेच करा, किंवा मॉप्स हा दुसरा बफर वापरा. तांब्यासाठी ट्रिस टाळलेलं बरं, तो तांब्याला थोडा बांधतो. आणि आकडे मिलिमोलमध्ये लिहा. एक मिलिमोल कॅडमियम म्हणजे लिटरला सुमारे ११२ मिलिग्रॅम, एक मिलिमोल शिसं म्हणजे सुमारे २०७. मिलिग्रॅममध्ये दोन धातूंची तुलना केली की शिसं उगाच सौम्य वाटतं.

धातू चिकटल्याचं मोजताना पीएच पाच-साडेपाचला धरा. दोन पीएचला प्रोटॉन सगळ्या जागा अडवून बसतात, काही चिकटत नाही. सातच्या वर शिसं आणि तांबं आपणहून गाळ होऊ लागतात आणि तो गाळ पेलेटबरोबर खाली बसतो. पेशी नसलेला फ्लास्क त्याच पीएचला, तेवढाच वेळ, त्याच सेंट्रिफ्यूजमधून काढल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. पेशी कुठल्या वयाच्या घेतल्या तेही लिहा. शिवाय स्युडोमोनास चिकट असेल तर त्याच्याभोवती अल्जिनेटसारख्या बहुशर्करांचा थर असतो, त्यात युरोनिक आम्लांचे कार्बोक्सिल भरपूर. कधीकधी भिंतीपेक्षा तो थरच जास्त धातू धरतो. जोरात फिरवून धुतलंत तर तो निघून जातो आणि तुम्ही ‘ग्रॅम-निगेटिव्ह कमी धरतो’ असं लिहून मोकळे.

पृष्ठभागावरचा धातू आणि आत गेलेला धातू वेगळा काढायला सगळे ईडीटीएने (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) धुतात. करा, पण एक ध्यानात ठेवा. ईडीटीए बाह्यपटलातलं मॅग्नेशियम-कॅल्शियमही उपटतं आणि लायपोपॉलिसॅकराइडचा काही भाग सुटून येतो, हे लेव्ह यांनी १९६५ मध्येच ई. कोलायमध्ये दाखवलं होतं. धुणं थंड, थोडा वेळ आणि पातळ ईडीटीएने करा, आणि धुतल्यावर किती पेशी जिवंत राहिल्या ते प्लेटवर बघा. बॅसिलसवर हा त्रास जवळपास नाही, म्हणून दोघांना एकाच धुण्याने तोलणं अन्यायाचं होतं.

हे सगळं नीट केल्यावर कदाचित तुम्हाला दोघांतला फरक कमी झालेला दिसेल. घाबरू नका. यी आणि फाइन यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर कॅडमियम कसं चिकटतं ते पीएच बदलत मोजलं, आणि वक्र जवळपास एकावर एक बसले. भिंती सुट्या करून मोजल्या तर फरक मोठा, अखंड पेशी बाहेरून मोजल्या तर लहान. दोन्ही खरं आहे, प्रश्न वेगळे आहेत. ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह जास्त धरतात’ हे वाक्य निष्कर्षात लिहायचंच असेल तर ‘सुटी भिंत, कोरड्या वजनाला’ हे शब्द जोडून लिहा.

शेवटी तुम्ही विचारलंय की हा बॅसिलस प्लेटिंगच्या सांडपाण्याला वापरता येईल का. एकटा, पहिल्या टप्प्यावर, नाही. ठाण्याची वागळे इस्टेट असो की रबाळे-महापे, प्लेटिंगच्या पाण्यात धातू मोकळा क्वचितच असतो. सायनाइड, अमोनिया, टार्टरेट, कधी ईडीटीए, यांनी तो बांधलेला असतो, आणि बांधलेला धातू भिंतीला चिकटत नाही. क्रोमचं पाणी वेगळं घेऊन आम्लात मेटाबायसल्फाइटने क्षपण करायचं, सायनाइडचं पाणी अल्कलीत हायपोक्लोराइटने फोडायचं, मग चुना किंवा कॉस्टिकने आठ-नऊ पीएचला गाळ पाडायचा, ही जुनी पद्धत स्वस्त आहे आणि मोठा भार तीच उचलते. सहा संयुजेच्या क्रोमियमची सर्वसाधारण विसर्ग-मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, शिशाचीही ०.१. गाळ पाडून झाल्यावर तेवढ्यावर आणायला जो शेवटचा थोडा धातू अडतो, तिथे वाळवलेल्या, मारलेल्या जिवाणूंच्या गोळ्यांचा स्तंभ उपयोगी पडू शकतो. चुन्यामुळे पाण्यात आलेलं कॅल्शियम जागा अडवेल, तेव्हा तुमच्या प्रयोगात एक फ्लास्क कॅल्शियम घालून ठेवाच. आणि स्तंभासाठी जिवंत पेशी कशाला? मेलेल्या जास्त धरतात, हे तुम्हीच मोजलंत.

अनेक कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात सांडपाणी साफ करणारे जिवंत जिवाणू असतात, तिथे प्रश्न उलटा येतो. या जिवाणूंच्या गाळाचे (सक्रिय गाळाचे) पुंजके बहुशर्करांमुळे धातू गोळा करत राहतात, पाणी स्वच्छ निघतं, धातू गाळात साचतो. मग तो गाळ साधा राहत नाही, घातक कचरा होतो.

तुमच्या प्रयोगाचंही तेच. कॅडमियमचे फ्लास्क, धुतलेलं ईडीटीएचं पाणी आणि पेलेट सिंकमध्ये जाता कामा नये. ब्लीच ओतून जिवाणू मरतात, कॅडमियम तिथेच राहतं. ऑटोक्लेव्ह केल्यावर वेगळ्या डब्यात भरा, डब्यावर धातूचं नाव आणि अंदाजे प्रमाण लिहा. डबे साठले की कॉलेजच्या नोंदणीतून घातक कचरा म्हणून तळोज्याच्या केंद्राकडे पाठवा. टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) नमुने पवईला आयआयटीतल्या सैफ या उपकरण-केंद्राकडे देणार असाल तर एक ग्रिड (नमुना ठेवायची छोटी जाळी) रंग न देता ठेवायला सांगा. युरेनिल अॅसिटेटचा रंग दिला की तोही त्याच कार्बोक्सिल-फॉस्फेटवर जाऊन बसतो, आणि मग काळं दिसतंय ते कॅडमियम की युरेनियम हे कुणालाच सांगता येत नाही.